मावळती म्हणजे वडगावकडं

कविता शिकवण्याच्या दोन तऱ्हा माझ्या वाट्याला आल्या. खालच्या वर्गांत आम्हांला एक बाई होत्या. त्यांना एकच चाल येत होती आणि त्या चालीत त्या पुस्तकातली झाडून सगळी कविता बसवत. शब्द बसला नाही तर तो ओढायचा, नाहीतर गिळायचा. अर्थ विचारला तर म्हणत, "आधी म्हण तर खरं." मग आम्ही म्हणायचो. पावसाची कविता असो, देशाची असो, की हरवलेल्या गाईची, सगळ्या आम्ही सारख्याच आनंदात आणि सारख्याच मोठ्या आवाजात म्हणून मोकळे व्हायचो.

पुढे मी चिंचवडच्या हायस्कुलात गेले आणि ही मौज संपली. तिथले मराठीचे सर सकाळच्या गाडीने पुण्याहून येत. धोतर, काळा कोट, खिशात खडू. कविता त्यांच्या तावडीत सापडली की आधी तिचा अन्वय लागे, मग मात्रा मोजल्या जात, मग अलंकार काढून बाजूला ठेवले जात आणि शेवटी रसग्रहण. या शब्दाचं मला तेव्हाही नवल वाटे. ऊस चरकातून काढून आमच्या हातात चिपाड द्यायचं आणि वर त्याला रसग्रहण म्हणायचं! सर माणूस म्हणून वाईट नव्हते. कधी कधी ओळ वाचता वाचता त्यांचा आवाज जरा हलायचा. पण लगेच ते खाकरून फळ्याकडे वळायचे. बहुधा त्यांनाही एके काळी कुणा बाईंनी चाल शिकवली असावी.

एस. एस. सी.च्या वर्षी आम्हांला एक कविता होती. कवीचं नाव सांगत नाही. परीक्षेला बसतानाही ते मला धड आठवत नव्हतं. तिची सुरुवात अशी होती:

मावळतीच्या वाटेवरती थांब जरा मज येऊ दे
दिवा लावुनी, दार लोटुनी एकवार घर पाहू दे

सरांनी पहिल्याच दिवशी विचारलं, "मावळती म्हणजे काय?" मोशीकडून पायी येणारा एक मुलगा उभा राहून म्हणाला, "वडगावकडं, सर." वर्गात कुणी हसलं नाही. हसणार कसं? आम्ही सगळ्यांनी तसंच धरलं होतं. चिंचवडहून सूर्य मावळतो त्या बाजूला देहूरोड, वडगाव आणि पुढे सगळा मावळ. आमच्यातल्या निम्म्यांच्या आज्या-मावश्या तिकडच्या. मावळतीची वाट म्हणजे मावळची वाट, यात विचारण्यासारखं काय होतं? कुणीतरी बैलगाडी जुंपून पुढे निघालंय आणि घरातली बाई आतून म्हणतेय, थांब जरा, दिवा लावते, दार ओढून घेते, आले. मला तर ती गाडीसुद्धा दिसत होती.

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. "पश्चिम बरोबर आहे," ते म्हणाले, "पण कवीला वडगावला जायचं नाही."

मग त्यांनी फळा भरून टाकला. मावळती म्हणजे मृत्यू. वाट म्हणजे आयुष्याचा शेवटचा टप्पा. पुढे गेलेला म्हणजे आधी वारलेला सोबती. दिवा म्हणजे मागे उरणारं नाव, दार म्हणजे इंद्रियं, घर म्हणजे देह. मात्रा मोजल्या, तर वृत्त हरिभगिनी निघालं. रस करुण. माझ्या डोळ्यांसमोरची बैलगाडी वस्तू-वस्तूने मोडत गेली आणि तास संपला तेव्हा तिचं एक चाकही उरलं नव्हतं. मला सरांचा राग आला. त्यांचं खरं होतं, म्हणून जास्तच आला.

पण तोवर एक गोष्ट होऊन गेली होती. नवं पुस्तक मिळालं त्याच दिवशी ती कविता मी घरी आईला म्हणून दाखवली होती, बाईंच्या जुन्या चालीत.

आम्ही मूळचे मोशीचे. आबांना पिंपरीच्या नव्या औषधांच्या कारखान्यात काम लागलं, म्हणून चिंचवड गावात दोन खोल्या घेऊन राहिलो होतो. आई मावळातली, वडगावच्या पुढची. लिहिता-वाचता येत नव्हतं, पण गाण्याला कान तयार. पहिली ओळ ऐकली आणि तिचा तांदूळ निवडणारा हात थांबला. "मावळातली हाय गं ही बाई?" तिने विचारलं. मी व्हय म्हटलं. तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. त्या दिवसापासून ती कविता तिचीच झाली. भाकरी थापताना, भांडी घासताना, 'दार लोटुनी'ला आवाज जरा वर चढवून ती म्हणायची. 'एकवार घर पाहू दे' आलं की मात्र तिचा आवाज बसायचा.

त्याला कारण होतं. बऱ्याच वर्षांत ती माहेरी गेली नव्हती. मामाच्या लग्नात आबांना पहिल्या पंगतीला बसवायचं राहून गेलं. कुणी मुद्दाम केलं नव्हतं, गडबडीत झालं. पण आबा न जेवता उठले आणि म्हणाले की या उंबऱ्याला पुन्हा पाय लावणार नाही. बायकोलाही लावू देणार नाही, हे त्यांनी म्हणायची गरजच नव्हती. आई वाट पाहत राहिली. आणि त्या हिवाळ्यात निरोप आला, की आजीच्या डोळ्यांचा उजेड कमी होत चाललाय. दारात उन्हात बसली तर माणूस ओळखते, आत नाही. आईने तो निरोप आबांना सांगितला. ते 'हं' म्हणाले आणि कारखान्यात गेले. आजीची नजर जायच्या आत आईला तिच्यासमोर उभं राहायचं होतं. एवढंच तिला हवं होतं आणि तेवढंच कुणापाशी मागता येत नव्हतं.

अशा बाईला मी काय सांगणार होते, की तुझी ती कविता माहेराची नसून मरणाची आहे? मी गप्प राहिले. निदान एका माणसापाशी तरी बैलगाडी शाबूत राहू दे, असा माझा हिशेब होता.

परीक्षा मात्र गप्प बसून होत नाही. आमच्याकडे पाठ करायचं ते मोठ्याने, ओरडून. मनात वाचणारं पोर आळशी, असा आमच्या आळीचा समज होता. सरांनी लिहून दिलेलं उत्तर मी रोज घोकत असे: "सदर ओळींत कवीने मृत्यूचे रूपक योजिले आहे." आई धुणं घेऊन पवनेवर गेली, की मग मी सुरू करायची. एकदा आबा दुसऱ्या पाळीला निघताना दारातच थबकले. "मृत्यूचं काय म्हनलीस?" मी त्यांना सगळं समजावून दिलं. ही आई म्हणते ना, तीच कविता, आबा. मावळती म्हणजे मरण. वाटेवर थांब म्हणजे, मीही तुझ्या मागून येते. आबांनी वहाणा घातल्या. "असं व्हय," म्हणाले आणि गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी आबा जेवायला बसले असताना आईने ती ओळ म्हटली. चालीत नाही, साधी, बोलल्यासारखी. "मावळतीच्या वाटेवरती थांब जरा मज येऊ दे. तसं व्हतंय बगा मला आजकाल."

आबांचा घास हातातच राहिला. "काय व्हतंय?"

"काय न्हाई. एकवार घर पाहू दे, येवढंच वाटतंय."

"डागदराला दाखवू या का?"

"डागदराला कशाला?" आई म्हणाली. "मला माझ्या आईला दाखवा."

आबांनी भाकरी अर्धी टाकली. ताटावरून असं उठायची त्यांची ही दुसरी वेळ; पहिली तुम्हांला ठाऊक आहे. सकाळी उठले ते शेजारच्या माणसाशी पाळी बदलून आले आणि आईला म्हणाले, "लुगडी घडी कर. वडगावची गाडी धरायची." आईने विचारलं, "आन् तुमचा मानपान?" ते म्हणाले, "गप ऱ्हा."

त्या दोघांसोबत मीही गेले. आबा वाटभर आईचं गाठोडं स्वतः धरून होते आणि तिला खिडकीशी बसवून सारखे तिच्या तोंडाकडे पाहत होते. आई मजेत होती. स्टेशनवर उतरून, बाजाराला आलेल्या मामाच्या बैलगाडीत बसलो तेव्हा तर ती चक्क गुणगुणायला लागली, बाईंच्या चालीत, तीच कविता. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी शेतांकडे पाहिलं.

आजी दारात उन्हात बसली होती. आई तिच्यासमोर उकिडवी बसली. आजीने तिचं तोंड दोन्ही हातांत धरून उजेडाकडे वळवलं आणि बराच वेळ धरून ठेवलं. "वाळलीस गं," एवढंच म्हणाली. मामाने आबांना एकट्यांनाच पाटावर बसवून जेवू घातलं. पहिली पंगत तीच आणि शेवटचीही तीच. कुणाला तक्रार करायला जागाच ठेवली नाही. निघताना आंबेमोहराचं एक पोतं गाडीत चढलं.

घरी आल्यावर आबांनी मला परसात गाठलं. "तिला त्या कवितेचा अर्थ ठावं हाय का?"

"न्हाई. ती मावळच समजते."

आपण कशाला घाबरलो हे त्यांच्या ध्यानात आलं असावं. चिडतील असं मला वाटलं. ते म्हणाले, "मग सांगू नगंस."

पुढच्या पावसाळ्यात आजीला दिसायचं पुरतं बंद झालं.

परीक्षेत ती कविता आलीच नाही. दुसरीच आली. तिचं रसग्रहण मी व्यवस्थित केलं आणि पास झाले. पुढे पुण्याला कॉलेजात चिरफाडीची आणखी बारीक हत्यारं मिळाली, आणि नंतर मी स्वतःच शाळेत मराठी शिकवायला लागले. मुलांना मी दोन्ही करायला लावत असे: आधी म्हणा, मग मोजा. पण मनातून मला कायम वाटत आलं, की आमच्या घरात कवितेचा निर्मळ आनंद एकट्या आईने घेतला, कारण तिला कुणी अर्थ सांगितला नाही. शिक्षकांच्या बैठकीत मी हा किस्सा सांगितलाही आहे. लोकांना आवडायचा.

आबा गेले त्या वर्षी आई माझ्याकडे राहायला आली. एका दुपारी ती उन्हात बसली होती, मी पेपर तपासत होते, आणि का कोण जाणे, इतक्या वर्षांनी मी तिला म्हटलं, "आई, ती मावळतीची कविता होती ना, तिचा खरा अर्थ वेगळा होता गं."

"मरनाचा," आई म्हणाली.

मी लाल पेन्सिल खाली ठेवली. "तुला कुणी सांगितलं?"

"तूच की. येवढ्यानं वरडायचीस. धुनं घेऊन मी नदीवर जाते असं तुला वाटायचं. मी परसातल्या दगडावरच आपटत बसायची. समदं ऐकलंय. रूपक योजिले आहे."

"मग आबांना तू मुद्दाम..."

"त्यास्नी तू सांगितलेलंबी ऐकलं व्हतं," ती म्हणाली. "म्हनलं, चला, उपेग झाला तुज्या शाळंचा."

मी हसले. मग जरा रागही आला, कारण इतकी वर्षं मी जपून ठेवलेली बैलगाडी तिनेच केव्हाच मोडली होती, असं मला वाटलं. मी विचारलं, "म्हणजे गाडीत गुणगुणत होतीस तेव्हा तुला ठाऊक होतं? तरी मजेत होतीस?"

"मग? मावळलाच चालले व्हते की." तिने पदर सारखा केला. "म्हन बरं एकदा. मला आता समदी येत न्हाई."

मी म्हणायला लागले, बाईंच्या चालीत. 'थांब जरा मज येऊ दे'पाशी आईने डोळे मिटून घेतले आणि पुढचं माझ्याबरोबर म्हणू लागली. या खेपेला ती कुठल्या अर्थाने म्हणत होती, ते मी विचारलं नाही.