देव पाण्यात होते तेव्हा

मी देवाला मानतो, पण त्याच्यावर माझा पुरता भरवसा नाही, असं म्हटलं की घरातली मंडळी हसतात. हसोत बापडी. मी जन्माचा संशयी. लग्नात अंतरपाट धरला होता तेव्हा पलीकडं ठरवलेलीच मुलगी उभी आहे ना, म्हणून मी वाकून पाहिलं होतं. बायकोनं ते अजून माफ केलेलं नाही. पण देवाबद्दलचा माझा संशय असा हसण्यावारी नेण्यासारखा नाही. तो प्रेमळ आहे म्हणतात, सगळं त्याच्या हातात आहे असंही म्हणतात. मग आमच्या गल्लीत त्या उन्हाळ्यात जे झालं, ते कोणाच्या हातात होतं?

दुष्काळाचं साल. आमचं गाव घनसावंगीच्या अलीकडं. गावातल्या विहिरी आटलेल्या, टँकर आला तर आला, आणि त्याचं गढूळ पाणी आम्ही फडक्यानं गाळून पीत होतो. त्यातच जुलाब-उलट्यांची साथ आली. आधी शेजारच्या किसनचा पोरगा अंथरुणाला खिळला, पाठोपाठ माझी धाकटी शकू. दवाखान्यातून मी औषधाच्या पुड्या आणल्या. त्यात औषधच आहे की खडूची भुकटी, अशी तिथंही शंका घेतलीच.

बायकोनं देव पाण्यात ठेवले. मोठं संकट आलं की देव्हाऱ्यातले देव पाण्यात बुडवायचे आणि गाऱ्हाणं ऐकेपर्यंत बाहेर काढायचे नाहीत, ही आमच्याकडची जुनी रीत. "माझी लेक उठून बसल्याबिगर काढणार न्हाई," ती देवांना म्हणाली. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, खंडोबाचा टाक, सगळे घंगाळात. माणसांना प्यायला पाणी नाही आणि हे खुशाल डुंबतायत, असं माझ्या मनात आलं. पण जन्मात कधी सुचली नाही ती भक्ती मला नेमकी तेव्हा सुचली. म्हणालो, "त्यातलंच घोट घोट पाज की तिला. तीर्थच हाय ते." ती पाजू लागली. शकू आणखी खंगली, डोळे खोल गेले. मी देवांकडं संशयानं बघू लागलो. स्वतःकडं बघायचं मात्र सुचलं नाही.

किसनचा पोरगा गेला. त्यानंतर नर्सबाई गावात आल्या. बौद्ध घरातल्या, बोलायला फटकळ. गावाबाहेरच्या वस्तीत भावाकडं उतरल्या होत्या आणि साथीमुळं घरोघर फिरत होत्या. त्यांनी शकूची जीभ पाहिली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, आणि विचारलं, "काय पाजता हिला?"

बायकोनं घंगाळ दाखवलं. नर्सबाई त्यावर वाकल्या आणि नाक मुरडून सरळ झाल्या. "पाणी बदललं का कधी?"

"बदललं तर नेम मोडतो की."

"अन् हे साचलेलं पाणी पोरीला पाजून राह्यलात? जल्दी देव बाहेर काढा, दादा. हे फेका."

मी जागचा हललो नाही. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "मी हात लावणार न्हाई. उद्या पोरीचं बरंवाईट झालं तर म्हणाल, बाईनं देव बाटवले. तुमचे देव, तुम्हीच काढा." मी चपापलो, कारण नेमकं हेच माझ्या मनात येऊन गेलं होतं.

बायको घंगाळावर हात टाकून बसली. मला म्हणाली, "काढले अन् लेक गेली तर? तुम्ही भरून देणार का?" मी शकूकडं पाहिलं. तिचे ओठ नुसते हलत होते. आंघोळ अर्धी राहिली म्हणून जो लेकरू नेईल, त्याला प्रेमळ कोणत्या तोंडानं म्हणायचं? आणि तो तसा नसेल, तर मग भ्यायचं कशाला? विचार मोठा बाणेदार होता, पण पहिला देव उचलताना मी डोळे मिटून घेतले. एकेक देव उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला, देव्हाऱ्यात ठेवला. बायको मोठ्यानं रडली.

वस्तीतल्या विहिरीला अजून थोडं पाणी होतं. नर्सबाईंनी तिथून घागर मागवली. ते पाणी आमच्या उंबऱ्याच्या आत तोवर कधी आलं नव्हतं. बायकोनं घागरीकडं पाहिलं, शकूकडं पाहिलं, आणि चूल पेटवली. उकळून निववलेलं पाणी, त्यात मीठ-साखर, चमच्याचमच्यानं पाजत राहिलो. दोन रोजांनी शकू उठून बसली आणि कुरकुरली, "ह्ये गोड पाणी नको. भाकर दे." इतकी सुंदर तक्रार मी आयुष्यात ऐकली नव्हती.

नर्सबाई निघाल्या तेव्हा मी हात जोडले. "बाई, देवानंच धाडलं तुम्हाला."

"मंग आधी किसनभाऊकडं का न्हाई धाडलं?" त्यांनी पिशवी खांद्याला अडकवली. "आमच्यात देव न्हाई, तवा मला ह्याचा जबाब द्यावा लागत न्हाई. तुमच्यात हाय. तुम्ही द्या."

तो जबाब मला आजही देता आलेला नाही. कीर्तनातून ऐकलेली उत्तरं आठवून पाहिली: मागल्या जन्माचं, परीक्षेचं, लीलेचं. एकही उत्तर किसनच्या दारापर्यंत घेऊन जाण्याच्या लायकीचं वाटलं नाही. शेवटी रिकाम्या हातानंच गेलो. किसन ओसरीवर बसला होता. आपली पोर वाचल्याचं तोंडावर दिसू नये म्हणून मी मान खाली घालून टेकलो. मग त्यानंच विचारलं, "शकू जेवली का रे?"

मला हुंदका आवरेना. ज्याचं लेकरू गेलं, त्याच्या तोंडून दुसऱ्याच्या लेकराची भूक विचारली जावी, हे त्याच्यात आलं कुठून? माझा संशय आहे की ते एकट्या किसनचं नव्हतं. देवाबद्दलचे बाकी सगळे संशय माझ्यापाशी शाबूत आहेत, त्याच्या पायाशी ते ठेवून मोकळं व्हायला अजून जमत नाही. पण संध्याकाळी दिवा लावतो तो या एका संशयाच्या भरवशावर, आणि हात जोडतो तेव्हा आधी किसनच्या पोराचं नाव घेतो, मग शकूचं.