आजींचे ओठ

केनियाला सेवेसाठी जाण्याआधी आम्ही सहा जण मिशनच्या प्रशिक्षण केंद्रात राहत होतो. दर बुधवारी जवळच्या दवाखान्यात जाऊन रुग्णांसाठी प्रार्थना करणं हा शिक्षणाचाच भाग होता.

त्या दिवशी माझ्या वाट्याला मांडीचं हाड मोडलेल्या एक आजी आल्या. "प्रार्थना करू का?" असं विचारल्यावर त्यांनी मान हलवली. मी डोळे मिटले. शब्द सुचत गेले, आवाज चढत गेला. शेजारच्या खाटांवरची कुजबुज थांबली, तेव्हा मला बरंच वाटलं. मध्येच डोळे किलकिले करून पाहिलं तर आजींचे ओठ हलत होते. त्याही माझ्याबरोबर प्रार्थना करताहेत, या आनंदात मी आणखी लांबवलं.

'आमेन' म्हटल्यावर आजी हळूच म्हणाल्या, "झालं का गं बाई तुझं? मग जरा पाणी दे. मघापासून मागतेय."

तांब्या माझ्या कोपराशीच होता.

डोळे मिटले की देव जवळ येतो, असं मी लहानपणापासून ऐकत आले. तेवढ्यात समोरचं माणूस किती लांब जातं, हे मात्र कधी मनात आलं नव्हतं.

संध्याकाळी केंद्रात सगळ्यांसमोर आमच्या पाळकांनी, म्हणजे धर्मगुरूंनी, विचारलं, "भेट कशी झाली?"

"छान झाली. आजींनीही माझ्याबरोबर प्रार्थना केली," मी म्हणाले.

"केनियात अशीच माणसं हवीत," ते कौतुकानं म्हणाले.

मी मान खाली घातली. सगळ्यांना तो माझा विनय वाटला.