साहेबांचं वय

या परदेशी बेटावर, ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर संध्याकाळी समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात काडीला टोचून भाजलेल्या मांसाचा, साटेचा, धूर मिसळतो, आणि क्षितिजावर नांगर टाकलेल्या जहाजांचे दिवे लागले की वाटतं, एक अख्खं शहर झोपेत पाण्यावर चालत आलं आहे. लाखभर जहाजं तरी असतील! बरं, तुम्हाला पटत नसेल तर दहा कमी धरा. ते दिवे पाहिले की मला हानोईची लान आठवते, आणि तिच्या गळ्यात अडकून बसलेला इंग्रजीतला एक इवलासा 'यू'.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. बंदराजवळच्या तांजोंग पगार भागातल्या आमच्या ऑफिसात लान नवीन लागली होती. कामाला चोख, पण साहेबांसमोर तिची वाचाच बसायची. प्रोबेशन संपत आलेलं. नोकरी कायम झाली नाही तर इथे राहायचा पास रद्द आणि परतीचं विमान. साहेब मला विचारत, "ही मुलगी माझ्याशी बोलते की भिंतीशी?"

मग काय, दर रविवारी मी तिला समुद्रावर नेऊन शिकवू लागले. "अगं, इंग्रजी म्हणजे उदार धर्मशाळा! राणीला यू, झुरळाला यू, एकट्याला यू, अख्ख्या सभेला यू. भांडायचं तर 'हे यू', जीव जडला तर हलकेच 'ओ यू', आणि 'यू नेव्हर नो' म्हणताना तर समोर कुणीच नसतं, वाराच असतो!" लान कावळ्याला यू म्हणाली, समुद्राला म्हणाली, पण समोरून पांढऱ्या केसांच्या एक आजी आल्या आणि तिने ओठ मिटून घेतले.

"आमच्याकडे आधी वय विचारतात," ती पुटपुटली. "मग कळतं, समोरचा काका की दादा. आणि त्यावरून मी कोण, तेही कळतं. आईपुढे मी 'मूल', धाकट्या भावापुढे 'ताई'. इंग्रजीत मात्र जिथे जाईन तिथे नुसती 'मी'. फार एकटं वाटतं."

मी मटकन वाळूत बसले, आणि भरतीसुद्धा थबकली असणार! आपलं तरी काय वेगळं आहे? सासऱ्यांना तुम्ही, आईला तू, आणि ज्याच्यापुढे लोटांगण घालायचं त्या जगन्नियंत्याला खुशाल तू! संबोधन म्हणजे नात्याच्या नदीवरचा घाट नव्हे का? पायरीच दिसली नाही, तर पट्टीचा पोहणाराही काठावरच घुटमळेल.

निर्णयाच्या दिवशी मी तिच्या शेजारी बसले होते. साहेबांनी फाईल उघडली. "बोल, राहायचंय की नाही?"

लान उठून उभी राहिली, हात जोडले, आणि म्हणाली, "सर, हाऊ ओल्ड आर यू?"

देवाशपथ सांगते, आमच्या ऑफिसची ती चाळीस मजली इमारत बंदराच्या दिशेने वीतभर कलली! साहेबांचा चष्मा नाकाच्या शेंड्यावर आला. मग ते गडगडाटी हसले. "तुझ्या बापापेक्षा मोठा, लाह!" शेवटी इथला तो लाडका 'लाह' जोडून ते म्हणाले.

लानच्या चेहऱ्यावर पाण्याखालची पायरी पायाला लागल्याचा निवांतपणा पसरला. "मग, अंकल," ती म्हणाली, आणि इतके दिवस साठलेलं सगळं वाहू लागलं: काय शिकली, काय जमत नाही, इथेच का राहायचंय, शिवाय साहेबांनी कॉफी कमी का प्यावी! सही करता करता साहेब माझ्याकडे वळले. "आता हिला थांबवणार कोण?"

त्या संध्याकाळी आम्ही पुन्हा समुद्रावर गेलो. लानने दोन शहाळी आणली. त्यातलं एक दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं आणि स्वतःच्या शहाळ्याला तोंड न लावता उभी राहिली. "यू फर्स्ट."

माझं वय तिने कधीच विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर मी दहा वर्षं तरी चोरलीच असती. पण शहाळं पुढे करणाऱ्या त्या दोन हातांकडे पाहताना उमगलं, माझी पायरी तिने केव्हाच ठरवून टाकली होती, आणि त्या एवढ्याशा 'यू'मध्ये ती मला 'ताई' म्हणत होती, ते मला स्पष्ट ऐकू आलं. मी पहिला घोट घेतला. मग तिने घेतला. पाण्यावरच्या त्या झोपाळू शहरात एकेक दिवा लागत होता.