जून बदक आणि जावईबापू

बदक घेताना त्याचं वय विचारावं लागतं. मी विचारलं होतं. उत्तरही अगदी खरं मिळालं होतं. आणि ते ऐकून मी खूश झालो, इथंच सगळा घोटाळा झाला.

पण त्याआधी माझं दुखणं सांगतो. माझे सासरे, म्हणजे मामा, अकोले तालुक्यातले, डोंगरातली भातशेती करणारे. त्यांना दोन जावई. थोरले दिलीपराव, माझे साडू, केडगावला राहतात. मामा त्यांना 'जावईबापू' म्हणतात. आणि मला? 'सुनीचा मालक'! (सुनी म्हणजे माझी बायको सुनीता.) लग्नाला बावीस वर्षं झाली, तरी बढती नाही. कारण एकच, मला पारख नाही. दिलीपराव टिचकी मारून कलिंगड घेतात, ते आत लालभडक निघतं. मी टिचक्या मारमारून घेतलेलं कलिंगड दुधी भोपळ्यासारखं पांढरं निघतं. एकदा मी वांगी नेली, तर मामांनी एक चिरून बघितलं, पिशवी बांधली आणि थेट गोठ्याकडं गेले. म्हशीनंसुद्धा थोडी ठेवली, म्हणे!

दर आखाडात मामा लेकी-जावयांना मटण खायला बोलावतात. यंदा त्यांना गुडघा दाखवायला नगरला यायचंच होतं, म्हणून आखाडाचं जेवण सावेडीत, आमच्या फ्लॅटवर ठरलं. शेवटचा रविवार. पुढं श्रावण लागणार, म्हणजे फजिती झाली तर ती महिनाभर शाकाहारी तोंडानं चघळली जाणार. मी मनाशी ठरवलं, या रविवारी मामांच्या तोंडून 'जावईबापू' ऐकायचंच!

मटण आणण्यात अर्थ नव्हता. दिलीपराव एक फोड बघून बोकडाची कुंडली मांडतात. मला असं काहीतरी हवं होतं, ज्यातलं त्यांना ओ की ठो कळत नाही. आणि एकदम सुचलं, बदक! (त्यातलं मलाही ओ की ठो कळत नव्हतं, पण एवढ्या खोलात मी गेलो नाही.)

एमआयडीसीच्या पलीकडं एका शेततळ्यावर एक मावशी बदकं पाळतात, असं ऑफिसात कळलं होतं. भल्या सकाळी स्कूटर काढून पोचलो. मावशींनी एक गुबगुबीत बदक उचलून समोर धरलं.

"ह्ये घ्या, सायेब. दोन म्हैन्याचं हाय. कवळं. चोच दाबून बघा, दबती का न्हाई."

मी दाबली. दबली.

"छे, छे! हे तर तान्हं आहे!" मी म्हणालो.

आता, गावरान कोंबड्याचं शास्त्र आम्हाला लहानपणापासून पाठ असतं. रस्सा हवा तर कोंबडा जून पाहिजे, पायाचा काटा वाढलेला, आळीत दरारा असलेला. कोंबड्याला जे लागू, ते बदकाला लागू नसायला काय झालं? दोघांनाही पंख असतात!

तळ्याच्या काठावर एक बदक एका पायावर उभं राहून माझ्याकडं रोखून बघत होतं. बाकीची बदकं त्याला वळसा घालून जात होती.

"ते केवढं आहे?"

"त्ये व्हय?" मावशी हसल्या. "आमच्या थोरलीच्या लग्नाच्या आधीचं हाय त्ये. तिला आता दोन लेकरं हायेत. मोठं साळंत जातंय."

"मग तेच द्या!"

"आवं सायेब, त्ये शिजायचं न्हाई. त्ये राखनीला ठिवलंय!"

मी त्याचीही चोच दाबून बघितली. ती दबली नाही. उलट तिनंच माझं बोट दाबलं. मी कळवळलो, पण माझा निर्णय पक्का झाला. काय कस होता! जुनं ते सोनं म्हणतात ते उगाच नाही. मावशींच्या मालकांनी ते कापून साफ करून दिलं. त्यासाठी कोयत्याला दोनदा धार लावावी लागली. निघताना मावशींनी एकदा पिशवीकडं बघितलं, एकदा माझ्याकडं. त्यांना जास्त कीव कुणाची आली, ते समजलं नाही.

साडेनऊला कुकर चढला. सहा शिट्ट्यांनंतर सुनीतानं झाकण काढून एक तुकडा चमच्यानं दाबला. चमचा वाकला.

"अहो, हे नक्की पक्ष्याचंच आहे ना?"

"कसदार आहे गं. अजून चार शिट्ट्या कर."

चाराच्या आठ झाल्या, आठाच्या सोळा. दारावरची बेल वाजली. खालच्या मजल्यावरच्या शिंदेवहिनी होत्या. "सुनीताताई, कुकर बिघडलाय का? आमच्या ह्यांनी बावीस मोजल्या!"

हकिगत ऐकून वहिनींनी घरून सुपारी आणली. म्हणाल्या, "तुकडा टाका. मटण लोण्यासारखं होतं." टाकला. पाऊण तासानं बघितलं. सुपारी मऊ झाली होती. बदक नाही!

मग कच्ची पपई घातली. ती विरघळून गेली, तिचा मागमूसही उरला नाही. बदक जसंच्या तसं! आणि साडेअकराला गॅस संपला. शिंद्यांचा भरलेला सिलिंडर मी जिना चढून वर आणला, तेव्हा माझ्या कमरेतून जो आवाज आला, तो त्या कुकरच्या शिट्टीपेक्षा मोठा होता.

"तुम्ही आता जा आणि मुकाट्यानं चिकन घेऊन या," सुनीता म्हणाली. तिचा आवाज थंड होता. बावीस वर्षांत तो आवाज मी दोनदाच ऐकलाय.

मी गॅलरीत गेलो. आखाडाचा शेवटचा रविवार! कोपऱ्यावरच्या चिकनवाल्याची रांग आमच्या गेटपर्यंत आली होती. आणि त्या रांगेतून वाट काढत एक रिक्षा आत शिरत होती. मामा, सासूबाई, दिलीपराव आणि थोरली मेव्हणी, सगळे वेळेच्या आधी हजर!

"वास तर झकास सुटलाय," दिलीपराव चपला काढता काढता म्हणाले. "काय बेत?"

"बदक!" मी छाती काढून सांगितलं.

"अरे वा! कवळं बघून घेतलं ना? जून बदक म्हणजे निव्वळ चामडं."

म्हणजे या माणसाला बदकातलंही कळत होतं!

पानं वाढली. भाकरी, कांदा, लिंबू आणि प्रत्येकाच्या ताटात मधोमध एक-एक तुकडा, ताठ मानेनं. दिलीपरावांनी तो उजव्या दाढेखाली धरला. मग डाव्या. मग दोन्ही हातांनी ओढला. तो त्यांच्या हातून सुटला, भिंतीवर आपटला आणि टीव्हीच्या मागं गेला.

"हे बदक आहे का बदकाचा पणजा?"

"कसदार आहे जरा," मी पुटपुटलो.

"कसदार? ट्रॅक्टरचा टायरपण कसदार असतो, पण तो कुणी जेवायला वाढत नाही!"

मेव्हणीनं पदरात तोंड लपवलं. सुनीता माझ्याकडं बघेना. मला खरंच रडू यायच्या बेतात होतं. संपलं! आता मरेपर्यंत मी 'सुनीचा मालक'च. मी भीत भीत मामांकडं बघितलं. मामांची मान ताटात होती.

"सुने, आनखी रस्सा वाढ," मामा म्हणाले.

तिनं वाढला. मामांनी दुसरी भाकरी कुस्करली, वाटी तोंडाला लावली, भुरका मारला. "आनखी."

तिसऱ्या वाटीला माझ्या ध्यानात आलं. मामांच्या ताटातला तुकडा बाजूला सरकवलेला होता. त्यांनी त्याला हातसुद्धा लावला नव्हता!

"त्यांची कवळी घरी डबीत हाय," सासूबाई म्हणाल्या. "दिलीपरावांनी करून दिली, पर टोचती म्हनत्यात. वर्स झालं, घालीत न्हाईत."

मामांनी चौथी वाटी संपवली, मिशा पुसल्या आणि मान वर केली. "लई वर्सांनी रस्सा खाल्ला. जो त्यो मला कवळं-कवळं मटान आनून घालतोय, आन् रस्सा निस्ता पान्यावानी. म्या तुकडं खानार कशानं? ह्याला म्हनत्यात रस्सा! कवळ्या जिवाला कुठनं यायची ही चव?" मग हाक मारली, "जावईबापू!"

"काय, मामा?" दिलीपरावांनी सवयीनं विचारलं.

"तुमी न्हाई. ह्ये!" मामांनी रश्शानं माखलेलं बोट माझ्यावर रोखलं.

बावीस वर्षं! मी उठून मामांच्या पाया पडलो. (कमरेमुळं सरळ उभं राहायला मात्र दिलीपरावांचा हात धरावा लागला. तो त्यांनी नाइलाजानं दिला.) उरलेले तुकडे गेटवरच्या कुत्र्याला घातले. त्यातल्या पहिल्याच तुकड्यावर त्यानं बुधवारपर्यंत दिवस काढले.

मागच्या आठवड्यात दिलीपरावांचा फोन आला. आवाजात मध! "मामांच्या तोंडात पक्के दात बसवून घेऊ. डॉक्टर ओळखीचे आहेत. म्हाताऱ्या माणसाची सोय होईल."

डाव माझ्या लगेच लक्षात आला. मी तडक अकोल्याला फोन लावला, "मामा, काही झालं तरी दातांच्या नादी लागू नका. तुमच्यासारखी चव दातवाल्यांना कळत नाही!"

"व्हय, जावईबापू," मामा म्हणाले.

पारख काय, आज ना उद्या मलाही येईल. तोवर मामांच्या तोंडात दात येता कामा नयेत!