साडेनऊचा चहा

ग्लेनिस ट्रँटरच्या चुलीपाशी आलेला माणूस उपाशी परत गेला, असं कधी झालं नाही. सव्वीस वर्षं तिनं लोकरीच्या शेडवर स्वयंपाक केला. आज या मळ्यावर, महिन्यानं त्या मळ्यावर. गडी मेंढ्या कातरायचे आणि ही त्यांना दिवसातून पाच वेळा खाऊ घालायची. एकदा बँकेचा माणूस एका गड्याचा ट्रक जप्त करायला आला. सगळे त्याला हाकलायला उठले, तर हिनं आधी त्याच्यापुढे मटणाची ताटली ठेवली. "जप्ती काय, पोटभर जेवून कर," म्हणाली. ज्या पोराच्या गाडीखाली तिचा कुत्रा मेला, त्यालाही तिनं त्याच संध्याकाळी कस्टर्ड वाढलं होतं. रडत वाढलं, पण वाढलं. "संपलं" हा शब्द तिच्या तोंडून कुणी ऐकला नव्हता.

तिचं दुसरं व्रत म्हणजे साडेनऊ. सकाळी साडेसातला कातरणीची यंत्रं सुरू होतात, साडेनऊला एकदम बंद पडतात आणि मग अर्धा तास स्मोको, म्हणजे चहाची सुट्टी. चहा, सँडविचं, गरम सॉसेज रोल, केक, सगळं त्या मिनिटाला शेडच्या फळीवर मांडलेलं हवं. उशीर झाला तर गडी काही बोलत नाहीत, नुसते घड्याळाकडे बघतात. ते बघणं शिव्यांपेक्षा वाईट असतं. ग्लेनिसवर ती वेळ एकदाही आली नव्हती.

मग खुबा गेला. ऑपरेशन झालं, खुबा नवा बसला, सहा महिन्यांत बाई ठणठणीत झाली. पण तेवढ्यात ठेकेदारांनी दुसरे आचारी धरले होते. वय छप्पन्न. कूलबारासारख्या गावात दुकानं इनमिन नऊ, त्यातलं एक कायमचं बंद. सरकारी भत्त्यावर येण्यावाचून इलाज नव्हता.

आणि भत्ता म्हटला की एजन्सी आली. पूर्वी बेकारांचं काम सरकारी कचेरी बघायची. तीही काही देवमाणसांनी भरलेली नव्हती, पण निदान तुमच्या बेकारीवर कुणाचा धंदा चालत नव्हता. आता ते काम खाजगी कंपन्यांना दिलंय. कंपनीचं ऑफिस जुन्या बँकेच्या इमारतीत, भिंती जांभळ्या, सदरे जांभळे, कपसुद्धा जांभळे. महिन्याला शंभर गुण जमवायचे, नाहीतर भत्ता बंद. अर्ज केला की गुण, वर्गाला बसलं की गुण, बोलावलं की हजर राहायचं. आठ दुकानांच्या गावात महिन्याला वीस अर्ज कुठं करायचे? तीन वर्षांत ग्लेनिसनं खाटकाकडेच तीस अर्ज केले. खाटीक बिचारा भला माणूस. पण पुढे पुढे ती दारात दिसली की तो मागच्या खोलीत जाऊन सुऱ्यांना धार लावत बसायचा. चॉप्स घ्यायला गेलेल्या बाईला लोक टाळू लागतात, ही या योजनेची कमाई. भीक नको पण कुत्रा आवर, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण कुत्रा सोडणारेच ते.

तिच्या वाट्याला आलेल्या पोरीचं नाव टिगन. चोवीस वर्षांची, गोड आवाजाची. अंडं कसं उकडतात हे तिला ठाऊक नव्हतं, पण सव्वीस वर्षं पन्नास-पन्नास माणसं जेवू घातलेल्या बाईला तिनं 'स्वयंपाकघरातील स्वच्छता, पायरी पहिली' या वर्गाला दोनदा बसवलं. दुसऱ्यांदा का, तर पहिल्या वेळचं प्रमाणपत्र संगणकात चढलं नव्हतं.

नोकरी शेवटी ग्लेनिसला त्या खाटकाच्याच दुकानात मिळाली. तिथं मर्व ह्युलेट मांस न्यायला आला होता. मर्व जुना ठेकेदार.

"काय गं ग्लेन, जिवंत आहेस का अजून?"

"तुझ्या उधारीसाठी थांबलेय. का रे, एवढं मटण तू स्वतः का नेतोयस?"

"आचारी पळाला. गडी मला खायला उठलेत. येतेस?"

"कधी?"

"काल."

पुढचं बोलणं तिथंच झालं. पाच आठवड्यांचं काम, तीन शेड. "हे नीट पार पाडलंस, तर नाताळपर्यंतच्या सगळ्या शेड तुझ्या. पुढच्या वर्षीही," मर्व म्हणाला. ग्लेनिसला दुसरं काही नको होतं. भत्ता गेला खड्ड्यात. तिला तिची चूल परत मिळणार होती.

नियमाप्रमाणे ती एजन्सीत कळवायला गेली, तर टिगननं टेबलावरची पितळी घंटा वाजवली. सगळे जांभळे सदरे उठून टाळ्या वाजवू लागले. तिच्या हातात पुठ्ठ्याची चौकट दिली, 'आम्ही मिळवून दिली नोकरी!' आणि फोटो काढला. ग्लेनिस संकोचानं हसली. फोटोत माणूस हसतोच.

"कुणी मिळवून दिली?" तिनं विचारलं.

"आपण सगळ्यांनी मिळून!" टिगन म्हणाली. "आता फक्त दर आठवड्याच्या पगाराच्या पावत्या मला पाठवायच्या. आणि मंगळवारी साडेनऊला आपला फोन."

"साडेनऊला नाही जमणार. साडेनऊला स्मोको असतो. अकराला कर."

"वेळ सिस्टीमच ठरवते, ग्लेनिस."

आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. माणूस चार आठवडे नोकरीत टिकला की कंपनीला सरकारकडून पैसे, बारा आठवडे टिकला की आणखी, सहा महिन्यांना त्याहून जास्त. नोकरी कुणी शोधली हे कुणी विचारत नाही. पावती दाखवली की झालं.

मळ्यावर मोबाइल लागायचा तो फक्त पाण्याच्या टाकीमागच्या टेकाडावर, स्वयंपाकघरापासून दहा मिनिटांवर. पहिल्या मंगळवारी ग्लेनिस साडेनऊला दोन्ही हातांवर ट्रे घेऊन शेडच्या पायऱ्या चढत होती. नव्या खुब्यानं कुरकुरसुद्धा केली नाही. गड्यांनी पहिला सॉसेज रोल तोंडात घातला आणि त्यांच्यातला सगळ्यात खडूस म्हातारा म्हणाला, "मर्व, हिला आता सोडलंस तर तुलाच कातरीन." त्या दिवशी ग्लेनिस स्वयंपाकघरात येऊन भांडी घासता घासता मोठ्यानं गायली.

संध्याकाळी ती टेकाडावर गेली तेव्हा फोनवर संदेश होता: 'आपण भेट चुकवली. एक दोषगुण नोंदवला आहे.'

तीन मंगळवार, तीन दोषगुण. दर वेळी संध्याकाळी टेकाड चढून तिनं कळवलं, पावत्याही पाठवल्या. पण टिगनला आता बारा आठवडे दिसू लागले होते. तिनं मळेवाल्याच्या बायकोला घरच्या फोनवर गाठलं, एकदा, दोनदा, चार वेळा. ग्लेनिस कामावर येते का? वेळेवर येते का? मग मर्वचा नंबर मिळवला.

पाचव्या आठवड्यात, गुरुवारी, मर्व स्वयंपाकघरात आला आणि टोपी हातात घेऊन उभा राहिला. टोपी काढलेला मर्व तिनं फक्त दफनाच्या वेळी पाहिला होता.

"ग्लेन, जरा बस."

"स्मोकोला वीस मिनिटं आहेत. उभ्यानं बोल."

"खुब्याचं ऑपरेशन झालंय तुझं?"

"साडेतीन वर्षं झाली."

"मला सांगितलं नाहीस."

"तू विचारलंस? आणि इतके दिवस ते ट्रे कुणी उचलले, तुझ्या आजीनं?"

मर्व म्हणाला, "त्या एजन्सीच्या पोरीचा फोन होता. तू त्यांच्या अपंगांच्या यादीत आहेस म्हणे. तुला सहा महिने ठेवलं तर सरकार मला पैसे देईल म्हणाली. खूश करायला सांगत होती गं! पण माझ्या कानावर पडलं म्हटल्यावर मला विमावाल्याला विचारावं लागलं. तो म्हणतो, कळूनही ठेवलीत आणि ती पायऱ्यांवर पडली, तर एक छदाम मिळणार नाही."

"मी पडलेय का?"

"नाही."

"पडेनसं वाटतं?"

"नाही गं. पण दहा माणसांचं पोट आहे माझ्यावर."

मर्वला शिव्या द्याव्यात, तर तो भेकड असला तरी खोटा नव्हता. ग्लेनिसनं घड्याळ पाहिलं. तिनं केक कापला, चहा गाळला आणि बरोबर साडेनऊला ट्रे फळीवर ठेवले. गडी खाऊन उठल्यावर ताटल्या धुतल्या, ॲप्रन घडी करून टेबलावर ठेवला आणि गाडी काढली.

सोमवारी टिगननं संगणक तिच्याकडे वळवला. नोकरी का सुटली, यातलं एक निवडायचं होतं. गैरवर्तन. मुदत संपली. स्वतः सोडली.

"तू फोन केलास म्हणून सुटली. ते कुठंय यात?"

"तसा पर्याय नाहीये, ग्लेनिस. आणि मी तर तुमच्या भल्यासाठीच केला होता." टिगनचे डोळे खरोखर पाणावले. याची किळस ग्लेनिसला सगळ्यात जास्त आली. गळा कापणाऱ्याचे डोळेही आपणच पुसायचे!

"कुणाला सांगणार नाही म्हणालीस, म्हणून सही केली होती मी. इस्पितळाचा कागद तुला दिला तेव्हा."

"ते संमतिपत्राच्या तिसऱ्या पानावर आहे, मालकांशी बोलता येतं म्हणून." टिगननं नाक पुसलं आणि 'स्वतः सोडली' वर बोट ठेवलं. स्वतः सोडली म्हणजे चार आठवडे भत्ता नाही. हातातली चूल गेली होती, आता घरचीही विझायची वेळ आली. "पण वर्गाला या हं. नाहीतर पुढचाही अडेल."

म्हणून बुधवारी नऊ वाजता ग्लेनिस जुन्या बँकेच्या मागच्या खोलीत बसली होती. तिच्याबरोबर आणखी अकरा जण. भिंतीवर तिचाच फोटो, पुठ्ठ्याची चौकट, ते संकोचाचं हसू. कंपनीला चार आठवड्यांचे पैसे मिळाले होते, म्हणून तो तिथंच होता.

टिगननं प्रत्येक गटाला वीस कच्च्या स्पॅगेटीच्या काड्या, चिकटपट्टी आणि एक मार्शमेलो वाटला. सगळ्यात उंच मनोरा बांधायचा, त्यातून संघभावना शिकायची.

शेजारचा बर्नी, एक डोळा गेल्यामुळे ट्रक सुटलेला, काडी हातात धरून म्हणाला, "पोरी, हे शिजवून मिळणार का?"

कुणी हसलं नाही. बर्नीनं सकाळपासून काही खाल्लेलं नव्हतं, हे आचाऱ्याच्या नजरेला दिसत होतं. ग्लेनिसनं आजूबाजूला पाहिलं. पन्नाशीची, साठीची माणसं, विटा रचलेल्या, लेकरं वाढवलेल्या हातांनी शेवयांचे मनोरे बांधत होती. काड्या मोडून जमिनीवर पडत होत्या आणि पायाखाली चुरत होत्या. अन्नाचा असा चुराडा तिनं दुष्काळाच्या वर्षांतही, सुकाळातही कधी होऊ दिला नव्हता.

भिंतीवरच्या घड्याळात साडेनऊ झाले. ती उठली. कोपऱ्यातल्या कर्मचाऱ्यांच्या ओट्यावर मोठी किटली होती, ती भरून चढवली. कपाट उघडून बिस्किटांचे तिन्ही डबे काढले.

"ग्लेनिस, ते स्टाफचं आहे. आणि ब्रेक साडेदहाला आहे."

"माणसं साडेनऊला थांबतात."

"मला हे नोंदवावं लागेल."

"नोंदव."

पहिला बर्नी उठला. मग एकेक करून सगळे. ग्लेनिस जांभळ्या कपांत चहा ओतत होती, कुणाला साखर किती हे न विचारता ओळखत होती, बर्नीच्या हातात तिनं बिस्किटांचा अख्खा डबा दिला. खोलीत पहिल्यांदाच माणसं बोलू लागली. टिगन थोडा वेळ आपल्या टॅबवर बोट धरून उभी राहिली. मग तिनं टॅब बाजूला ठेवला, स्वतःचा कप उचलला आणि रांगेच्या शेवटी येऊन उभी राहिली.

"बरं, अर्धा कप मलाही द्या," ती हसून म्हणाली.

ग्लेनिसनं किटली हातात तोलून पाहिली. अजून चार-पाच कप सहज निघाले असते. तिनं झाकण लावलं.

"संपला," ती म्हणाली.