गोळीचा वार

श्रावणातल्या एका सोमवारी, औंढ्याच्या नागनाथाच्या दर्शनरांगेत मला कळलं की मी थायरॉईडची गोळी चुकीची घेत होते. तेव्हा मला तिसरा महिना होता. आधीचं बाळ तिसऱ्याच महिन्यात गेलं होतं.

गोंधळ शब्दांपासून सुरू झाला. रिपोर्टमध्ये टीएसएच वाढलेला होता आणि डॉक्टरीणबाई म्हणाल्या, थायरॉईड कमी आहे. जास्त आणि कमी एकाच कागदावर. त्यांनी समजावलं: गळ्यातल्या ग्रंथीचं हार्मोन कमी पडलं, की तिला कामाला लावणारं टीएसएच वाढतं. सुरुवातीला बाळ आईच्याच हार्मोनवर वाढतं, म्हणून गोळी. मी मान हलवली. आमच्या गावी, साखऱ्याला, घरी आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "जास्त हाय म्हन्तीस, मंग गोळी काहून घेऊन राहिली?" मी रिपोर्टच त्यांच्यापुढे धरला.

औषधाच्या दुकानदारानं छोटी बाटली हातात देताना सांगितलं होतं, "उपासपोटी घ्यायची." आमच्या घरात उपास म्हणजे सोमवार. लग्नाआधीपासून मी नागनाथाचा सोमवार धरते. ड जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदाच होती. हीही तशीच असेल असं वाटलं. दर सोमवारी आठवण होईल तेव्हा मी गोळी घेत होते.

पुढच्या तपासणीत टीएसएच आणखी वाढला. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, गोळी नीट घेता ना? मी म्हणाले, "बराबर घेते, एकपण चुकवली नाही." ते खरंच होतं. त्यांनी एकाच्या दोन गोळ्या केल्या. त्यानंतर देवापुढे बसले की काय मागायचं तेच कळेना. आकडा वाढू दे म्हणावं, की उतरू दे? औषध लागू पडत नाही, की देव ऐकत नाही? सासूबाई म्हणाल्या, औंढ्याला जाऊन ये. मन नव्हतं, तरी नवऱ्याबरोबर निघाले.

रांग संथ होती. नवरा चपला ठेवायला गेला होता. मी पिशवीतून बाटली काढली. पुढे उभ्या असलेल्या, पन्नाशीच्या बाईंनी वळून पाहिलं. त्या शिरड शहापूरच्या, एवढंच त्यांनी नंतर सांगितलं.

"थायरॉईड व्हय? आता दुपारी घेऊन राहिली?"

"आज सोमवार ना. गोळीचा वार."

"गोळीला वार असतो व्हय गं? मंग मंगळवारी काय थायरॉईड सुट्टीवर जातो?"

मागच्या बायका हसल्या. बाईंनी स्वतःच्या पिशवीतून तशीच बाटली काढली. विचारलं तर ती माझ्यानंतर विकत घेतलेली निघाली. त्यांनी ती हलवली, तळाशी चार गोळ्या वाजल्या. माझी जवळजवळ भरलेली होती. वाजतही नव्हती.

"उपासपोटी म्हंजी रोज, उठल्या उठल्या, पान्यासंगं, च्याच्या आधी," त्या म्हणाल्या. मग पोटावर ठेवलेल्या माझ्या हाताकडे पाहून त्यांचं हसू गेलं. "लेकरू हाय का? मंग आजच जा डॉक्टरकडं. माझ्या सांगन्यावर जाऊ नको."

औंढ्याच्या गाभाऱ्यात वाकून उतरावं लागतं. आत जागा थोडी, हवा दमट. मी बाटली पिंडीजवळ टेकवली. काय मागायचं ठरलेलं नव्हतं, ठरवलंही नाही. "मला कळत नाही, तूच बघ," एवढंच तोंडून आलं. बाहेर आल्यावर त्या बाई दिसल्या नाहीत. आम्ही प्रसादाच्या दुकानांपाशी पाहिलं, बसस्टँडवर पाहिलं. त्या दिवशी रांगेत माझ्यापुढे त्याच का होत्या, हे मला अजून सांगता येत नाही. नागनाथाचे आभार मानताना त्यांचाही चेहरा डोळ्यांपुढे येतो.

तसेच हिंगोलीला दवाखान्यात गेलो. मी सोमवारचं सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी बाटली उघडून उरलेल्या गोळ्या पाहिल्या. मग त्यांनी डोस पुन्हा ठरवून दिला, रोज सकाळी, चहाच्या तासभर आधी, आणि लोहाची व कॅल्शियमची गोळी त्यापासून चार तास दूर ठेवायला सांगितलं. दिवसभराचा उपास बाळंतपणापर्यंत बंद करायला लावला. सासूबाईंनी विचारलं, "मंग सोमवारचं काय?" मी म्हणाले, गोळी आणि चहा यांच्यामधला वेळ देवाचा. तेवढा वेळ मी रोज काही न मागता बसत असे.

पुढच्या तपासणीत टीएसएच उतरला. दिवस भरल्यावर मुलगी झाली. दवाखान्यात थायरॉईड तपासायला तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. तिचा टीएसएच नॉर्मल आला.