डीव्हीडीच्या जागी ठेवलेली डिस्क

अन्वरचाचांचं नाव आधी लिहितो, नाहीतर पुढे भीतीच्या नादात राहून जाईल. परळीत स्टेशनकडच्या रस्त्याला त्यांचं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. मी मूळचा कुडाळकडचा. आठवीत शाळा सुटली. ठेकेदाराबरोबर रंगकामाला इथे आलो, शिडीवरून पडलो, पाय कायमचा अधू झाला. ठेकेदार निघून गेला. चाचांनी दुकानात बसवून मराठी टायपिंग शिकवलं, वर एक जुना लॅपटॉपही दिला. भंगारातून आलेला... आधी कोणाचा होता, त्यांनाही माहीत नाही.

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. कोकणात लहानपणापासून या गोष्टी इतक्या ऐकल्या की कंटाळाच आलेला. तरी लिहितोय. हसलात तरी चालेल.

गेल्या वर्षी तहसीलजवळच्या एका झेरॉक्सवाल्याने मला प्रतिज्ञापत्रं टाइप करायचं काम देऊ केलं. अट एकच – लॅपटॉप स्वतःचा हवा, आणि न अडकणारा. सोमवारी यायचं. माझा तर चालू व्हायलाच पंधरा मिनिटं घ्यायचा. हे काम हुकलं तर या पायावर मला दुसरं कोण देणार? सुधारून घ्यावा की त्याचा नादच सोडावा, ठरेना. चाचा म्हणाले, रॅम वाढवू, हार्ड डिस्क काढून तिच्या जागी वेगवान एसएसडी टाकू, अजून चार वर्षं ओढेल.

शनिवारी दुपारी त्यांनी तो उघडला. आत वीज केंद्राच्या राखेचा थर – परळीत तो सगळ्याच मशिनींत असतो. जुनी डिस्क काढून आपल्या कॉम्प्युटरला लावली तर दिसेचना. सकाळपर्यंत चालत होती. मेली, म्हणाले.

नवी एसएसडी बसवली, विंडोज नव्याने टाकलं. इंटरनेट जोडलेलंच नव्हतं. मी पहिला शब्द टाइप केला – प्रतिज्ञापत्र.

स्क्रीनवर उमटलं – कावून काढलं

चाचा हसले. "आमच्यावानी बोलाया लागला की बे."

पण मी ते टाइप केलंच नव्हतं. 'कावून' म्हणजे 'का'; आमच्याकडे त्याला 'कित्याक' म्हणतात. तीन वर्षं इथे राहूनही 'कावून' माझ्या तोंडात बसलेलं नाही. पुसून परत टाइप केलं... परत तेच. मग चाचा स्वतः बसले, स्वतःचं नाव टाइप केलं. तेच दोन शब्द. त्यांचं हसू गेलं. आमच्या कीबोर्डवर एक कळ म्हणजे एक अक्षर, आपणहून शब्द सुचवायची सोयच त्यात नाही. बाहेरचा कीबोर्ड जोडला, रॅम बदलली, विंडोज पुन्हा टाकलं. काही फरक नाही.

मी म्हटलं, राहू द्या चाचा, झेरॉक्सवाल्याला नाही म्हणून कळवतो. त्यांनी जुनी डिस्क तळहातावर घेतली. मग म्हणाले, "म्हातारं झालं म्हनून घराबाहेर कोन काढतंय? राहू दे त्याला बी."

डीव्हीडी ड्राइव्ह काढून त्या जागेत डिस्क बसवायची चौकट मिळते. तीत त्यांनी ती मेलेली डिस्क ठेवली आणि स्क्रू आवळले.

मी लॅपटॉप चालू करून टाइप केलं – प्रतिज्ञापत्र.

प्रतिज्ञापत्रच आलं.

सोमवारी कामावर हजर झालो. वर्षभरात लॅपटॉप एकदाही अडकला नाही. आतली जुनी डिस्क आजही ड्राइव्हच्या यादीत दिसत नाही, म्हणजे मेलेलीच आहे. पण काम जोरात असलं की उजव्या हाताखाली ती जागा कोमट लागते, आणि कधीकधी आतून टिकटिक ऐकू येते. चाचांना सांगितलं तर म्हणाले, "येऊ दे की आवाज. तुझं काम आडतंय का?" नाही अडत. पण हे कसं झालं, ते इतकी वर्षं मशिनी उघडणाऱ्या चाचांना सांगता येत नाही, तिथे मी काय सांगणार.

चाचांना अलीकडे बारीक स्क्रू दिसत नाहीत, मोतीबिंदू आहे. ऑपरेशन उद्यावर ढकलत राहतात, दुकान कोण बघणार म्हणून. चाचा, तुमचे उपकार एका जन्मात फिटायचे नाहीत. पण तुम्हाला दवाखान्यात मीच नेणार, आणि डोळ्यावरची पट्टी सुटेपर्यंत दुकानाचं शटर रोज मीच उघडणार. सगळ्यांसमोर शब्द देतो.